ठिपके नंतर बघा, आधी आईला बघा

मांजरांच्या दवाखान्यातून : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या महिन्याच्या टपालात बेंगाल मांजराबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. पुण्यात मी 22 वर्षं मांजरं तपासते आहे. पहिली 10-12 वर्षं माझ्या टेबलावर एकही बेंगाल आलं नव्हतं. आता महिन्याला चार-पाच येतात, आणि त्यातली निम्मी तरी अशा घरांतून येतात जिथे आणण्याआधी कुणी काही सांगितलेलंच नसतं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

प्रश्न : आम्ही बाणेरला नवव्या मजल्यावर राहतो. दोघंही आयटीत, सकाळी नऊला घर सोडतो, परतायला आठ वाजतात. नऊ वर्षांच्या मुलाला बेंगालचं पिल्लू हवं आहे. एका विक्रेत्याने फोटो पाठवलेत. पिल्लू सहा आठवड्यांचं आहे, 'एफ टू' आहे, म्हणून अस्सल, असं तो म्हणतो. निम्मे पैसे आधी भरायचे, मग तो पिल्लू दुसऱ्या राज्यातून गाडीने पाठवणार. पैशांची तयारी आहे. आणखी काय माहीत असायला हवं?

उत्तर : हे पिल्लू घेऊ नका. आणि तुमचा दिवस असाच जाणार असेल, तर सध्या बेंगालचं कुठलंच पिल्लू घेऊ नका. मुलाचा हिरमोड होईल हे मला कळतं, म्हणून कारणं नीट सांगते. ती त्यालाही वाचून दाखवा.

आधी त्या 'एफ टू'बद्दल. बेंगाल ही जात जुनी नाही आणि बंगालमधलीही नाही. आशियातल्या जंगलांत एक छोटं ठिपक्यांचं रानमांजर राहतं, आपल्या सह्याद्रीतही आहे. त्याला आपल्याकडे वाघाटी म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावात 'बेंगालेन्सिस' हा शब्द आहे, तिथून हे नाव आलं. अमेरिकेत जीन मिल या बाईंनी 1963च्या सुमारास त्या रानमांजराचा आणि घरातल्या काळ्या बोक्याचा पहिला संकर केला. पुढे बरीच वर्षं ते काम थांबलं. 1980च्या आसपास विलार्ड सेंटरवॉल या शास्त्रज्ञाकडून त्यांना काही संकरित माद्या मिळाल्या. ते मांजरांच्या ल्युकेमियावर संशोधन करत होते आणि त्यासाठीच त्यांनी असे संकर केले होते. या गोष्टीत आपला देशही आहे. 1982मध्ये जीन मिल दिल्लीला आल्या तेव्हा तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवाराजवळ त्यांना एक भटका बोका दिसला, नारिंगी अंगाचा, गडद ठिपक्यांचा. तो त्यांनी अमेरिकेला नेला. बेंगालच्या केसांवर उन्हात सोन्याचा वर्ख लावल्यासारखी चमक दिसते, तिचं मूळ बहुतेक ब्रीडर, म्हणजे मांजरांची पैदास करणारे, या दिल्लीच्या बोक्यापर्यंत नेतात. ज्या पिल्लाला लोक परदेशी म्हणून लाखाच्या घरात पैसे मोजतात, त्याच्या अंगात आपल्या रस्त्यावरच्या मांजराचं रक्त आहे, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं.

आता पिढ्या. एफ वन म्हणजे ज्याच्या आईबापांपैकी एक जण थेट रानमांजर. एफ टूचा आजा रानमांजर, एफ थ्रीचा पणजा, एफ फोरचा खापरपणजा. आकडा जितका लहान, तितकं रान जवळ. अशी पिल्लं माणसाला बिचकतात, शी-शूसाठी ठेवलेला लिटर ट्रे नीट वापरत नाहीत, भिंतींवर मुततात, आणि हे शिकवून जात नाही. पहिल्या पिढ्यांतले बोके बहुधा वांझ असतात. घरगुती बेंगाल म्हणून जी मांजरं प्रदर्शनांत उतरवतात ती चौथ्या पिढीपासून पुढची. वन्यजीवांच्या व्यापाराचा सायटीस हा आंतरराष्ट्रीय करारही मागच्या चार पिढ्यांत रानमांजर असलेल्या संकराला वन्यप्राण्यासारखंच धरतो. तेव्हा विक्रेता खरं सांगत असेल तर हे पिल्लू नऊ वर्षांच्या मुलाच्या घरात यायला नको, आणि त्याच्या कागदपत्रांचा प्रश्न वेगळाच. तो खोटं सांगत असेल, जे मला जास्त शक्य वाटतं, तर त्याच्याशी व्यवहारच नको. चांगला ब्रीडर 'एफ टू आहे' असं मिरवत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. सहा आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडू नये. मी 12 आठवडे सांगते. सहा ते बारा या आठवड्यांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा, नखं कधी आत ओढायची हे शिकतं. हे न शिकलेलं बेंगाल पिल्लू तुमच्या मुलाच्या हाताशी खेळेल तेव्हा त्याच्या हाताचं काय होईल, ते मी बघितलं आहे. शिवाय याच दिवसांत आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि लसीची अजून पुरती तयार झालेली नसते. तेवढ्यात गाडीतून दिवसभराचा प्रवास!

गेल्या पावसाळ्यात असंच आणलेलं एक पिल्लू माझ्याकडे आलं, जेमतेम पाच-साडेपाच आठवड्यांचं. येऊन चार दिवस झाले होते. उलट्या, पाण्यासारखे जुलाब, मान टाकलेली. पॅनल्युकोपेनिया. लस वेळेवर झाली तर टळणारा आणि लहान पिल्लांत झाला तर बहुतेकदा जीव घेणारा आजार. तीन दिवस सलाईन लावलं, घरची मुलगी शाळा बुडवून दवाखान्याच्या बाकावर बसून होती. तिसऱ्या रात्री ते गेलं. विकणाऱ्याचा फोन बंद. त्या मुलीला काय सांगायचं हे मला आजही सुचत नाही, म्हणून तुम्हाला इतकं कडक लिहिते आहे. एक व्यवहारी गोष्टही सांगून ठेवते : हा विषाणू घरात महिनोनमहिने टिकतो. ज्या घरात असं पिल्लू गेलं, तिथे लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नये. फरशा साध्या फिनाईलने पुसून भागत नाही, पाण्यात ब्लीच मिसळून पुसाव्या लागतात.

म्हणून फोटो आणि व्हिडिओवर ठरवू नका. स्वतः जा आणि पिल्लाच्या आधी त्याच्या आईला बघा. ती तुमच्याजवळ येते का, की कपाटाखाली शिरून फिस्कारते? तिचे डोळे स्वच्छ आहेत का? किती मांजरं एकत्र ठेवली आहेत, ट्रेचा वास कसा येतो? पिल्लं माणसांच्या वावरात वाढताहेत की गच्चीवरच्या पिंजऱ्यात? 'आई गावाला आहे' असं उत्तर आलं तर चहा न घेता उठा. ठिपक्यांवरूनही फार पारख करू नका. साधारण पहिल्या-दुसऱ्या महिन्यानंतर बेंगालच्या अंगावर लांब, करडे केस येतात आणि ठिपके धुरकट दिसतात. चौथ्या महिन्यापर्यंत ते पुन्हा उघडतात. या काळात मळकट दिसणारं पिल्लू पुढे देखणं निघू शकतं, म्हणून त्या दिवसांत मी घरच्यांना फक्त स्वभाव बघायला सांगते.

आईबापांच्या तपासण्यांचे कागद मागा. बेंगालमध्ये दोन आनुवंशिक दोष डीएनए टेस्टने कळतात. एकात लाल रक्तपेशी लवकर फुटतात आणि रक्त कमी होत जातं. दुसऱ्यात डोळ्यांचा पडदा झिजून लहान वयातच दृष्टी जाते. यातला कुठलाही दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो आजार होतो, म्हणून दोघांचीही टेस्ट हवी. माझ्याकडे तीन वर्षांचं एक बेंगाल तपासायला येतं. त्याच्या घरच्यांनी सांगितलं, हल्ली हा रात्री फ्रिजवर उडी मारण्याआधी थांबतो. तेवढंच लक्षण! टॉर्च लावली तर बाहुल्या आकसतच नव्हत्या. आता तो घरातली प्रत्येक खुर्ची पाठ करून वावरतो आणि घरचेही फर्निचर हलवत नाहीत. तिसरी गोष्ट हृदयाची. या जातीत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार दिसतो. त्याला बेंगालसाठी भरवशाची डीएनए टेस्ट नाही, आईबापांची इको करावी लागते आणि तीही पुन्हा पुन्हा. आपल्याकडे हे सगळं करणारे ब्रीडर मोजके आहेत. पण विचारत राहिलात तरच ते वाढतील.

आता तुमच्या घराबद्दल. बेंगालला जागेपेक्षा उंची लागते आणि उंचीपेक्षा माणूस लागतो. हे मांजर दुपारभर झोपून संध्याकाळी मांडीवर येणारं नाही. ते नळ उघडतं, बादलीत हात घालतं, ड्रॉवर ओढतं, सरकत्या खिडकीची कडी शिकतं, आणि कंटाळलं तर मोठ्याने ओरडतं. खालच्या मजल्यावरून तक्रार येते. पिसांची काठी घेऊन सकाळ-संध्याकाळ 15-20 मिनिटं दमेपर्यंत पळवणं, भिंतीवर छतापर्यंत फळ्या, खाणं लपवून शोधायला लावणं, हे रोज आणि पुढची 12 ते 15 वर्षं करावं लागतं. 11 तास बंद घरात एकटं पिल्लू ठेवलं तर ते वर्षभरात सोफा फाडेल, पडद्यावर मुतेल, आणि मग मला फोन येईल, 'डॉक्टर, कुणी घेणारं आहे का?' असे फोन मला येतात. या वर्षी दोन तरुण बेंगालांसाठी मी स्वतः घर शोधते आहे. दोन्ही मांजरं वाईट नाहीत, नुसती एकटी पडली आहेत.

नववा मजला म्हणजे जाळी आधी, पिल्लू नंतर. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी पुरत नाही, मांजर ती कुरतडतं. खराडीचा एक बेंगाल बोका अशीच जाळी तोडून पाचव्या मजल्यावरून पडला. जबडा मोडला, टाळू उभी चिरली. वाचला, पण सहा आठवडे त्याला नळीने भरवावं लागलं. स्टीलची बारीक जाळी, चौकटीत घट्ट बसवलेली, बाथरूमच्या खिडकीलासुद्धा.

तुमच्यापैकी एकाचं काम घरून सुरू झालं किंवा आजी-आजोबा राहायला आले तर पुन्हा विचार करा. तोवर मुलाला मांजर हवंच असेल, तर एखाद्या संस्थेतून चार-पाच महिन्यांची दोन देशी भावंडं आणा. दोघं एकमेकांना दमवतील आणि तुमच्या मुलालाही लळा लावतील. लस, नसबंदीचं ऑपरेशन आणि पुणे महापालिकेची नोंदणी त्यांनाही लागतेच.

प्रश्न : आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. मुलीच्या हट्टाने बेंगालचं पिल्लू येणार आहे. दूधभात, वरण, पनीर यावर ते वाढेल का? सासूबाई पाणी पिणार नाहीत अशी भीती आहे. (सांगली)

उत्तर : नाही वाढणार. हे तुम्हाला आवडणार नाही, पण मांजराच्या शरीराला मांसातून मिळणारं टॉरिन हे पोषकद्रव्य लागतंच. ते कमी पडलं तर हृदय पसरतं, दृष्टी जाते. आपल्या आज्या मांजरांना दूधभात घालायच्या आणि ती जगायची, असं तुम्ही म्हणाल. ती दूधभातावर जगत नव्हती, तो वरचा खाऊ होता. पोट ती उंदीर, पाली आणि चिमण्यांवर भरायची. फ्लॅटमधल्या मांजराला तो मार्ग नाही. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

वाट आहे, फक्त ती पिल्लू यायच्या आधी ठरवा. सदाशिव पेठेतल्या एका घरात त्यांनी बाल्कनीत एक छोटं कपाट मांजराचं केलं आहे. त्याची वाटी, त्याचा चमचा, त्याची कात्री, काथ्याची वेगळी घासणी. तयार ओल्या खाण्याचं पाकीट कात्रीने कापायचं, वाटीत पिळायचं, हात लागतच नाही. ते काम मुलगी करते. आजी सोवळ्यातल्या आहेत, पण आता त्याच संध्याकाळी विचारतात, 'त्याचं झालं का?' तुमच्या सासूबाईंशी आधी मोकळं बोला. त्यांना हे अजिबात झेपणार नसेल तर मांजर आणू नका. त्यात कुणाचीच चूक नाही.

एक धोक्याची सूचना यातच देते. बेंगाल धीट असतं, ओट्यावर चढतं, झाकण ढकलतं. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहेत, तेव्हा फोडणीच्या भाज्या उघड्या ठेवू नका. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. लहान मुलांना देतो त्यातली पाव गोळीसुद्धा नको. अख्खी एक गोळी मांजर मारायला पुरते. पिसवांसाठी कुत्र्यांचं मानेवर टाकायचं औषधही तसंच, त्यातल्या परमेथ्रिनने मांजराला झटके येतात.

प्रश्न : चार महिन्यांचं बेंगाल आणून दोन महिने झाले. तेव्हापासून जुलाब थांबत नाहीत. जंताचं औषध दोनदा झालं, खाणं तीनदा बदललं. पिल्लू एरवी मजेत आहे. आता आमच्या सहा वर्षांच्या देशी मनीलाही पातळ होऊ लागलं आहे. (नाशिक)

उत्तर : खेळतं-जेवतं पिल्लू आणि न थांबणारे, घाण वासाचे, बुळबुळीत जुलाब, तेही जिथे बरीच मांजरं दाटीने ठेवतात अशा ठिकाणाहून आणलेलं. हे वाचल्यावर माझ्या मनात आतड्यातल्या दोन सूक्ष्म परजीवींची नावं आली, जिआर्डिया आणि ट्रायट्रायकोमोनास. दुसऱ्यावर नेहमीची जंताची औषधं चालत नाहीत, जुलाबावर देतात त्या मेट्रोनिडॅझोलनेही तो तात्पुरता दबतो आणि परत येतो. ताज्या शौचाची पीसीआर टेस्ट करून घ्या. लागू पडणारं औषध आहे, पण मात्रा चुकली तर मेंदूवर परिणाम करतं, म्हणून ते वजन करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. खाणं बदलत राहणं आजच थांबवा.

आणि दोघांचे ट्रे वेगळे करा. हे पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं. नवं पिल्लू आलं की दोन आठवडे वेगळ्या खोलीत. त्यात जुन्या मांजराचा जीवही वाचतो आणि मानही राहतो. मनीसाठी ते घर सहा वर्षांपासून तिचं आहे. आधी दाराच्या फटीतून वास, मग एकमेकांच्या अंगावरून फिरवलेला पंचा, मग जाळीआडून जेवण, आणि शेवटी भेट. बेंगाल पिल्लू दिवसभर अंगावर उड्या मारेल, तेव्हा मनीला एक उंच जागा अशी द्या जिथे त्याला चढता येणार नाही.

प्रश्न : मला तीन महिने झालेत. बेंगाल पिल्लाचे पैसे आधीच भरले होते. सगळे म्हणतात, बाळाला धोका आहे, रद्द कर. (ठाणे)

उत्तर : भीती मांजराच्या शौचातून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची आहे आणि ती निराधार नाही, पण आवाक्यातली आहे. मांजराच्या शौचातून पडलेली अंडी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस जातो. ट्रे रोज साफ केला आणि ते काम दुसऱ्या कुणी केलं तर धोका फार कमी उरतो. पिल्लू घरातच राहणारं असावं, त्याला कच्चं मांस देऊ नये. धुवून न घेतलेली भाजी आणि बागेतली माती यांपासूनही तितकंच जपा. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा. पण मला खरी काळजी वेगळी वाटते. सहा महिन्यांनी बाळ हातात असेल आणि बेंगाल ऐन मस्तीच्या वयात. पैसे भरले आहेत म्हणून दोन्ही एकदम अंगावर घेऊ नका.

प्रश्न : मला मांजरांची ॲलर्जी आहे. बेंगाल चालतं म्हणतात. (कोल्हापूर)

उत्तर : चालतंच असं नाही. ॲलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची असते, आणि ते बेंगालमध्येही असतं. ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरी दोन-तीनदा तासभर बसून बघा.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या भाटीच्या एका पिल्लाच्या अंगावर ठळक ठिपके आहेत. बेंगाल असेल का? विकत मागायला माणूस आला होता. (नागपूर)

उत्तर : देशी मांजरांत ठिपके नेहमीच असतात. ते बेंगाल नाही. त्या माणसाला देऊ नका, तो ते बेंगाल म्हणूनच पुढे विकेल. तुम्हीच ठेवून घ्या.

प्रश्न : ऊस तोडताना सरीत तीन पिल्लं सापडली. इवलीशी, अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पांढरे पट्टे. एक जण म्हणतो, ही बेंगाल आहेत, पुण्यात चांगले पैसे येतील. टोपलीत ठेवलीत. काय घालू? (जुन्नर तालुका)

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. खाली नंबर होता म्हणून मी त्याच दुपारी या दादांना फोन केला. इतरांसाठी इथे लिहिते.

ही बेंगाल नव्हेत. वर्णनावरून ही गंजी ठिपक्यांची वाघाटी दिसते. वाघाटी हे नाव आपल्याकडे दोन रानमांजरांना लावतात, त्यातली ही धाकटी. जगातल्या सगळ्यांत लहान मांजरांपैकी एक, पुरी वाढली तरी दीड किलोच्या आसपास. उसाच्या फडात ती विते, कारण तिथे उंदीर असतात. दोन्ही वाघाटी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणं, पाळणं, विकणं यासाठी तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. पण मला कायद्यापेक्षा त्या आईची घाई होती. ती मेलेली नसते, माणसं बघून बाजूला झालेली असते आणि अंधार पडल्यावर परत येते.

दूध पाजू नका, पोरांना हाताळायला देऊ नका, तेवढ्या भागातली तोड थांबवा आणि वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा, एवढं मी त्यांना सांगितलं. जुन्नरला माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र जवळच आहे. तिथल्या मंडळींना अशा पिल्लांची आईशी भेट घालून देण्याचा अनुभव आहे. संध्याकाळी वनविभागाची माणसं आली. पिल्लं तपासून, ज्या सरीत सापडली तिथेच टोपलीत ठेवली आणि सगळे लांब गेले. पहिल्या रात्री कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी टोळीची मजुरी बुडत असूनही दादांनी तो भाग तोडू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांचा फोन आला. टोपली रिकामी होती. कालच पाणी दिलेल्या शेजारच्या सरीत ओल्या मातीवर बारीक पावलं उमटली होती, ऊसाच्या आत गेलेली, तीन वेळा गेलेली आणि दोनदाच परत आलेली.